तपासणीचा दर, दवाखान्याचं दार

2010 साली, जानेवारी ते मे या महिन्यांत, शिकागो शहर ज्या कुक काउंटीत येतं तिथल्या 273 विशेषज्ञ दवाखान्यांत प्रत्येकी दोन फोन गेले. फोन करणाऱ्या बायका संशोधनाच्या कामावर होत्या, पण बोलत होत्या आई म्हणून. मुलाला फिट आली, दमा आटोक्यात येत नाही, पडून हाताचं हाड मोडलंय आणि भेग हाडाच्या वाढीच्या भागातून गेलीय, अशी एखादी तक्रार सांगायची आणि भेटीची वेळ मागायची. महिनाभराने त्याच दवाखान्यात त्याच बाईने तीच तक्रार पुन्हा सांगायची. बदलायचं ते फक्त विम्याचं नाव, एकदा खासगी आणि एकदा सरकारी. खासगी विमा असलेल्या मुलाला 11 टक्के दवाखान्यांनी नकार दिला. सरकारी विमा असलेल्या मुलाला 66 टक्के दवाखान्यांनी. जिथे दोघांनाही वेळ मिळाली, तिथे सरकारी विम्याच्या मुलाला सरासरी 22 दिवस जास्त थांबायला सांगितलं गेलं. जोआना बिसगायर आणि कॅरिन ऱ्होड्स यांचा हा अभ्यास 2011 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला.

मी याच काउंटीत बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. आमच्याकडच्या मुलांना पुढच्या तज्ज्ञाकडे पाठवायचं काम ज्या बाई करतात, त्यांना त्या आकड्यांचं अजिबात नवल वाटलं नाही. तो प्रयोग त्या रोज सकाळी करतात, आणि त्यांच्या फोनमागे खरं मूल असतं.

माझं म्हणणं सरळ आहे. मुलांच्या बाह्यरुग्ण तपासणीला सरकारी विमा जे पैसे देतो ते वाढवले पाहिजेत. किती, तर निदान हाच देश म्हाताऱ्या माणसांच्या तपासणीला देतो तितके.

हे 'म्हाताऱ्यांइतके' कुठून आलं ते महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला हवं. 30 जुलै 1965 रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिझुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स गावी, माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना शेजारी बसवून, एका कायद्यावर सही केली. त्यातून दोन योजना निघाल्या. पासष्टीच्या पुढच्यांसाठी मेडिकेअर, आणि गरिबांसाठी मेडिकेड. मेडिकेअर पूर्ण केंद्राची. मेडिकेड केंद्र आणि राज्य यांच्या भागीदारीतली. केंद्र निम्मा किंवा त्याहून अधिक खर्च उचलतं, पण डॉक्टरला किती द्यायचं ते राज्य ठरवतं. 1997 मध्ये, मेडिकेडच्या उत्पन्नमर्यादेच्या थोडं वर असलेल्या कुटुंबांतल्या मुलांसाठी 'चिप' नावाची जोडयोजना आली. आज या दोन योजना मिळून अमेरिकेतल्या जवळजवळ निम्म्या मुलांचा विमा उतरवतात.

कैझर फॅमिली फाउंडेशनने मांडलेली 2019 ची तुलना पाहा. प्राथमिक तपासणीसाठी मेडिकेअर जिथे एक डॉलर देत होतं, तिथे मेडिकेड देशभरात सरासरी 67 सेंट देत होतं. ही सरासरी झाली. काही राज्यं मेडिकेअरच्या बरोबरीने देत, तर तळाशी असलेल्या ऱ्होड आयलंडमध्ये सगळ्या सेवा मिळून हे प्रमाण 40 सेंटच्याही खाली होतं. वय वाढलं म्हणून तपासणीची किंमत वाढते, याला वैद्यकशास्त्रात काही आधार नाही. तीन वर्षांच्या रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या मुलाच्या कानात डोकावायला सत्तरीच्या आजोबांच्या कानात डोकावण्यापेक्षा जास्तच वेळ लागतो.

वेळ हाच इथला कळीचा मुद्दा आहे. 1992 पासून मेडिकेअरने डॉक्टरच्या प्रत्येक कामाला एककांमध्ये मोजायला सुरुवात केली. हार्वर्डचे विल्यम शाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पाया घातला होता. या पद्धतीत जिथे उपकरण आत जातं, काही कापलं किंवा शिवलं जातं, तिथे एककं भराभर चढतात. बोलणं, पाहणं, समजावणं यांची एककं हळू चढतात. बालरोगतज्ज्ञाचं बाह्यरुग्ण काम म्हणजे जवळजवळ सगळं बोलणं, पाहणं आणि समजावणंच. म्हणजे आमचा पाया आधीच बुटका, आणि मग राज्यं त्यातलेही सरासरी 67 टक्केच देणार.

दीड वर्षांच्या मुलाच्या एका नेहमीच्या तपासणीत काय काय होतं ते सांगते, कारण बाहेरून ते वजन-उंची-लस एवढंच दिसतं. वजन, उंची, डोक्याचा घेर घेऊन वाढीच्या आलेखावर मांडायचं. मूल बोट दाखवतं का, नावाने हाक मारल्यावर वळून पाहतं का, खोटंखोटं खेळतं का, याची प्रश्नावली आईकडून भरून घ्यायची. स्वमग्नतेची पहिली चाहूल इथेच लागते. उत्तरं शंकास्पद असली तर त्याच भेटीत पुढचे प्रश्न विचारायचे, आणि आईला घाबरवून न सोडता पुढची दिशा द्यायची. बाळ लहान असताना आईच्या मनाची चौकशीही आमच्याच खोलीत होते. बाळंतपणानंतरचं नैराश्य बहुतेकदा बाळाच्या डॉक्टरला आधी दिसतं, कारण बाई स्वतःच्या डॉक्टरकडे जात नाही, बाळाला मात्र घेऊन येते.

शिवाय शिसं. मेडिकेडवरच्या प्रत्येक मुलाच्या रक्तातलं शिसं 12 आणि 24 महिन्यांना तपासायचं, असा केंद्राचा नियम आहे. शिकागोत तो फार गरजेचा आहे. रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीपासून घरापर्यंत पाणी नेणाऱ्या शिशाच्या नळ्या देशात सर्वांत जास्त याच शहरात आहेत. 1986 मध्ये देशभर बंदी येईपर्यंत इथल्या नियमानुसार त्या शिशाच्याच असाव्या लागत. रक्तात शिसं निघालं की घराचा रंग, नळ, खिडक्यांच्या चौकटींवरची धूळ यांवर बोलायला वेगळी अर्धी भेट जाते. भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला घरमालकाशी काय बोलायचं तेही सांगावं लागतं.

दमा तर आमचा रोजचा. इनहेलर लिहून देणं सोपं असतं. पण औषध फुप्फुसात न जाता जिभेवरच राहत असेल तर चिठ्ठीचा उपयोग नाही. स्पेसर, म्हणजे इनहेलरला जोडायची पोकळ नळी, लावून मुलाला आमच्यासमोर श्वास घ्यायला लावायचा, चुकलं तर पुन्हा, मग आजीला करायला सांगायचं, कारण दुपारी घरी आजीच असते. ही दहा मिनिटं झाली तर मूल रात्री इमर्जन्सीत जात नाही. तिथे गेलं की त्या एका रात्रीचं बिल आमच्या कित्येक भेटींपेक्षा मोठं येतं, आणि तेही शेवटी मेडिकेडच भरतं. राज्याचा हिशेब इथे स्वतःच्याच विरोधात जातो, हे मी इलिनॉय राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डला, आमच्या आमदारांना सांगत आले आहे.

लसींच्या बाबतीत एक चांगलं काम या देशाने केलं आहे. 1989 ते 1991 या काळात गोवराची मोठी साथ आली. सुमारे 55,000 रुग्ण, 120 हून जास्त मृत्यू. शिकागोलाही तिची झळ बसली. चौकशीत दिसलं की पुष्कळ मुलं डॉक्टरकडे जाऊन आली होती, पण लस महाग म्हणून खासगी डॉक्टरांनी त्यांना सरकारी केंद्राकडे धाडलं, आणि ती तिथे पोचलीच नाहीत. म्हणून 1993 मध्ये कायदा होऊन 1994 पासून मेडिकेडच्या आणि विमा नसलेल्या मुलांची लस केंद्र सरकार फुकट पुरवू लागलं. डॉक्टरला मिळतं ते लस टोचण्याचं शुल्क. त्या शुल्कात लसीचा फ्रिज, रात्रंदिवस तापमान नोंदणारं यंत्र, नोंदींचा कर्मचारी आणि आताशा सर्वांत जास्त वेळ खाणारी गोष्ट, म्हणजे धास्तावलेल्या आईवडिलांशी शांतपणे बोलणं, हे सगळं बसवायचं असतं. 2025 मध्ये टेक्सासच्या गोवराच्या साथीत लस न घेतलेली दोन शाळकरी वयाची मुलं दगावली. ते बोलणं किती मोलाचं असतं हे त्यानंतर तरी वेगळं पटवून द्यावं लागू नये.

मेरीलँड राज्यात 2007 च्या फेब्रुवारीत बारा वर्षांचा एक मुलगा गेला. दाढेत पू झाला होता, संसर्ग मेंदूत पोचला. दाढ काढायला 80 डॉलरच्या आसपास खर्च आला असता. शस्त्रक्रिया आणि रुग्णालय मिळून अडीच लाख डॉलर खर्च झाले, आणि मूल वाचलं नाही. मेडिकेड घेणारा दंतवैद्य शोधता शोधता त्या आईच्या नाकीनऊ आले होते, आणि मधल्या काळात विमाही खंडित झाला. त्यानंतर मेरीलँडने दंतवैद्यकाचे दर वाढवले. माझ्या क्षेत्रात दर बहुतेकदा असेच वाढतात, कुणाच्या तरी मृत्यूनंतर किंवा कोर्टाच्या आदेशाने.

कोर्टाची गोष्ट आमच्या इलिनॉयची आहे. मेडिकेडचे दर इतके असावेत की त्या रुग्णांना परिसरातल्या इतरांसारखीच सेवा मिळेल, हा 'समान उपलब्धते'चा दंडक 1989 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, कायद्यातच घातला. त्याच वर्षी मुलांचे आणि बाळंतपणाचे दर पुरेसे आहेत हे राज्यांनी आकड्यांनिशी दाखवावं असंही ठरलं. ते कलम 1997 मध्ये काढून टाकलं गेलं. कुक काउंटीतल्या मुलांच्या वतीने 1992 मध्ये दाखल झालेल्या दाव्याचा निकाल न्यायाधीश जोन लेफ्को यांनी 2004 च्या ऑगस्टमध्ये दिला: राज्य कायदा मोडत आहे. पुढच्या वर्षी तडजोडीचा हुकूमनामा झाला आणि मुलांच्या प्राथमिक, प्रतिबंधक तपासण्यांचे दर वाढले. दावा दाखल झाला तेव्हा जन्मलेलं मूल तोवर तेरा वर्षांचं झालं होतं. आणि वाढ मुख्यतः प्राथमिक तपासणीची असल्यामुळे पुढच्या तज्ज्ञांची दारं तशीच राहिली. सुरुवातीला सांगितलेले फोन त्यानंतर पाच वर्षांनी झाले, तेव्हा त्यांनी हेच मोजलं.

आता तोही रस्ता अरुंद झाला आहे. 31 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयडाहो राज्याच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की समान उपलब्धतेच्या कलमाखाली सेवा देणाऱ्यांना दरांसाठी राज्यावर दावा लावता येणार नाही. निकाल न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी लिहिला. कलम कायद्यात आहे, पण त्याची अंमलबजावणी मागायला कोर्टाच्या पायऱ्या चढायची सोय जवळजवळ उरली नाही. मला हा या शतकातला मुलांच्या आरोग्याला बसलेला मोठा फटका वाटतो, आणि त्याची चर्चा जवळपास झालीच नाही.

दर वाढवून खरंच फरक पडतो का? एकदा देशभर करून पाहिलं आहे. ओबामांच्या आरोग्य कायद्यानुसार 2013 आणि 2014 ही दोन वर्षं प्राथमिक तपासणीचे मेडिकेडचे दर मेडिकेअरइतके केले गेले, आणि वाढीव भार केंद्राने उचलला. सरासरी वाढ 73 टक्के होती. दहा राज्यांत पुन्हा फोन करून पाहिलं गेलं, या खेपेला प्रौढ रुग्ण म्हणून. वाढीआधी मेडिकेडवाल्यांना 58.7 टक्के वेळा भेट मिळत होती, ती 66.4 टक्क्यांवर गेली. जिथे दर जास्त वाढले तिथे फरकही जास्त दिसला. डायेन अलेक्झांडर आणि मॉली श्नेल या अर्थशास्त्रज्ञांनी वेगळा धागा पकडला: दर वाढले तिथे डॉक्टर मिळत नसल्याच्या तक्रारी कमी झाल्या, आणि प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या गैरहजेऱ्याही घटल्या. उलट बोलणारा पुरावाही आहे. डॉक्टरांनाच विचारून केलेल्या एका पाहणीत वाढीचा परिणाम दिसला नाही. मला त्याचं कारण अनुभवातून कळतं. पैसे प्रत्यक्ष हाती यायला 2013 चा बराच भाग गेला, कारण बहुतेक मुलांचा विमा राज्याने खासगी विमा कंपन्यांकडे सोपवलेला असतो आणि प्रत्येक कंपनीचा करार बदलावा लागला. आणि सगळ्यांना ठाऊक होतं की 31 डिसेंबर 2014 ला हे संपणार. दोन वर्षांच्या पैशावर कोणी नवी परिचारिका कायम नेमत नाही. नवा डॉक्टर तर नाहीच. मुदत संपल्यावर काही राज्यांनी आपल्या पैशातून दर टिकवले, बऱ्याच राज्यांनी सोडून दिले.

दराइतकंच महत्त्वाचं म्हणजे पैसे वेळेवर येणं. जुलै 2015 ते जुलै 2017 अशी दोन वर्षं इलिनॉयला अर्थसंकल्पच नव्हता. राज्यपाल आणि विधिमंडळ यांचं जमेना, आणि मेडिकेडची बिलं तुंबत गेली. 30 जून 2017 ला ती फेडण्याचा आदेश पुन्हा त्याच न्यायाधीश लेफ्को यांना द्यावा लागला. मोठी रुग्णालयं अशा काळात कर्ज काढतात. शेजारच्या वस्तीतला एकट्या डॉक्टरचा दवाखाना पाटी काढतो, किंवा मेडिकेड घेणं थांबवतो.

डॉक्टर स्वतःच्या कमाईसाठी बोलतात, हा आक्षेप मी नेहमी ऐकते आणि तो मनावर घेते. बालरोगतज्ज्ञ या देशात सर्वांत कमी कमावणाऱ्या तज्ज्ञांपैकी आहेत, तरी सामान्य माणसापेक्षा आम्ही खूप कमावतो, हे खरं आहे. मागणी मात्र पगाराची नाही. आमच्यासारख्या दवाखान्यात येणाऱ्या पैशातला निम्म्याहून अधिक भाग भाडं, पगार, विमा, संगणक यांत जातो. दर कमी असला की दवाखाना दोनच गोष्टी करू शकतो: मेडिकेडची मुलं मोजकी घ्यायची, किंवा घाई करायची. सामुदायिक आरोग्य केंद्रांना दर भेटीमागे वेगळ्या सूत्राने पैसे मिळतात आणि तिथे उत्तम काम होतं, पण देशातली निम्मी मुलं त्यांच्या खोल्यांत मावणार नाहीत. तरुण डॉक्टरांनाही हे दिसतं. 2024 च्या निवडफेरीत बालरोगाच्या प्रशिक्षणाच्या अडीचशेच्या आसपास जागा रिकाम्या राहिल्या. प्रौढांचा हृदयरोगतज्ज्ञ आणि मुलांचा हृदयरोगतज्ज्ञ यांतला दुसरा कमी कमावतो, हे कळल्यावर कर्जात बुडालेली विद्यार्थिनी काय निवडेल?

मुलांवरचा खर्च मुळात थोडा आहे. मेडिकेडच्या नोंदणीत मुलं तिसऱ्या हिश्श्याहून अधिक, खर्चात त्यांचा वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी. नेथन हेन्ड्रन आणि बेन स्प्रंग-कायझर यांनी 2020 मध्ये 133 सरकारी धोरणांचा जमाखर्च मांडला. गरीब मुलांच्या आरोग्यावर आणि शिक्षणावर केलेला खर्च पुढे कर आणि कमी झालेली मदत यांतून बहुतांशी स्वतःच फिटतो, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. मी डॉक्टर आहे, मला मुलाच्या श्वासासाठी हिशेबाची गरज वाटत नाही. पण ज्यांना वाटते त्यांच्यासाठी हिशेबही तयार आहे.

आपली मराठी कुटुंबं यात कुठे येतात, असं इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी विचारतं. इथे नोकरी गेली की विमाही जातो. अलीकडच्या नोकरकपातीत अशी घरं मी पाहिली. इलिनॉयमध्ये 2006 पासून उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या कोणत्याही मुलाला, कागदपत्रं कशीही असोत, राज्याचा विमा मिळतो. ही या राज्याची अभिमानाची गोष्ट. पुण्याहून आलेली एक आई कार्ड हातात घेऊन मला म्हणाली, ''ताई, कार्ड तर मिळालं, पण त्वचेच्या डॉक्टरांकडे फोन केला की म्हणतात, हे आम्ही घेत नाही.'' तोवर तिला हा प्रश्न दुसऱ्या कुणाचा वाटत होता.

महाराष्ट्रातलं चित्र वेगळं आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्हींचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर आहे. साध्या बाह्यरुग्ण तपासणीचे पैसे आईवडील खिशातून देतात. इकडे दर कमी आहे, तिकडे तो ठरलेलाच नाही. दर ठरलेला आहे तिथली गोष्टही पाहा: केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या सीजीएचएस योजनेत सल्ल्याचं शुल्क वाढून 350 रुपये झालं ते 2023 मध्ये. ज्या दिवशी महाराष्ट्र बाह्यरुग्ण सेवा विम्यात आणायचा विचार करील, त्या दिवशी मुलांच्या तपासणीचा दर पहिल्याच यादीत नीट ठरवावा आणि महागाईशी बांधून टाकावा. मागाहून तो वाढवून घेणं किती कठीण जातं, हे आम्ही इथे पाहतो आहोत.

इथे अमेरिकेत पुढे काय? 4 जुलै 2025 ला सही झालेल्या केंद्राच्या नव्या कायद्याने मेडिकेडचा पैसा येत्या वर्षांत आटणार आहे. राज्यांना कात्री लावायची वेळ येते तेव्हा पहिला हात डॉक्टरांच्या दरांवर पडतो, कारण त्यात कुणाचं कार्ड जात नाही, बातमी होत नाही. तरी त्याच 2025 मध्ये ऱ्होड आयलंडने, एकेकाळच्या त्या तळाच्या राज्याने, प्राथमिक तपासणीचे दर मेडिकेअरइतके करायचं ठरवलं. म्हणजे राज्याने मनावर घेतलं तर जमतं.

आणखी एक संधी आहे. 2024 च्या केंद्रीय नियमानुसार 1 जुलै 2026 पर्यंत प्रत्येक राज्याला आपले मेडिकेडचे दर संकेतस्थळावर उघड करायचे आहेत, आणि प्राथमिक तपासणीचे दर मेडिकेअरशी ताडून दाखवायचे आहेत. तक्त्यात एक भोक मात्र राहणार. निरोगी बाळाची ठरावीक तपासणी मेडिकेअरच्या लाभांत नाही, त्यामुळे आमचं सर्वांत महत्त्वाचं काम त्या तुलनेतून गळतं. त्या तपासण्यांची एककं मात्र मेडिकेअरच्याच यादीत दरवर्षी छापलेली असतात. 2013 मध्ये त्याच एककांवरून केंद्राने त्यांचे दर काढून राज्यांना दिले होते. तीच रीत वापरून नवजात बाळाच्या पहिल्या भेटीपासून किशोरवयीन मुलांच्या तपासणीपर्यंत प्रत्येक भेटीची तुलना इलिनॉयपुरती आम्ही काही बालरोगतज्ज्ञ मिळून मांडतो आहोत. राज्याचा तक्ता आला की त्यालाच जोडून ती विधिमंडळाच्या अर्थसमितीपुढे ठेवायची आहे, आणि रिकाम्या जागी आमचे आकडे भरून घ्यायला सांगायचं आहे.